मूळ चावीची तारीख

ग्रंथालयाचं दार नऊला उघडे, पण दर सोमवारी धाकटी साडेआठलाच येऊन बसे. वय सत्तावन्न, केस पांढरे, उजवा गुडघा कुरकुरणारा, तरी घरात आणि धंद्यात ती धाकटीच. थोरला भाऊ असला की माणसाला दुसरं नाव मिळतच नाही. ग्रंथालयाचे एकवीस संगणक सांभाळणं ही तिची नोकरी. पण सोमवारचा हा अर्धा तास नोकरीचा नव्हता, दादाचा होता.

पंखा लावायचा, चहाचा कप कीबोर्डपासून लांब ठेवायचा आणि सर्व्हरवर दादाची चावी बघायची, असा तिचा नेम होता. लोक आपली उघडी चावी, म्हणजे संगणकावरची सही तपासायची अक्षरांची लांब ओळ, त्या सर्व्हरवर ठेवतात आणि कोणीही येऊन ती पाहू शकतो. पाहणाऱ्याचं नाव कुठे नोंदलं जात नाही. नऊ वर्षं ती भावाशी एक शब्द बोलली नव्हती, पण त्याच्या चावीवर नजर ठेवण्यात तिने एक सोमवार चुकवला नव्हता. दादा चावीला एकाच वर्षाची मुदत देई आणि ती संपायच्या आठ-दहा दिवस आधी, न चुकता, पुढच्या वर्षाची तारीख घाले. नवी तारीख दिसली की धाकटीला कळे, आहे बाबा, ठीक आहे. वर्षातून एकदा येणारी ही खुशाली तिला पुरायची. म्हणजे पुरते असं ती स्वतःला सांगायची.

गेले दोन सोमवार तारीख वाढलेली नव्हती. करेल, करेल, असं म्हणत तिने ते ढकललं होतं. आज चावीच्या नावापुढे लाल अक्षरांत लिहिलं होतं, मुदत संपली. कालच संपली होती.

 चहा गार झाला. नऊ वाजता दार उघडून पहिला वाचक आत आला आणि म्हणाला, "बाई, वर्तमानपत्रं कुठे लावलीत?" तर तिने त्याला बालविभागाकडे पाठवलं.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा कवळ्या बनवायचा. निवृत्त झाला होता तरी गच्चीशेजारच्या खोलीत त्याची साच्यांची फळी होती आणि ओळखीची म्हातारी मंडळी अजूनही तोंड उघडून त्याच्यापुढे बसत. त्याने हातातला गुलाबी जबडा खाली ठेवला.

"मुदत संपली म्हणजे माणूस संपला असं असतं का?"

"नसतं. पण दादा विसरणारा नाही हो."

"लॅपटॉप विसरला होता की."

हे त्याने बोलायला नको होतं. ती उठून आत गेली, आणि तोही जीभ चावून पुन्हा जबडा घासत बसला. लॅपटॉपची ती गोष्ट घरात नऊ वर्षं कोणी काढत नसे.

ती गोष्ट अशी. टायरच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. तिथे बसून बहीणभावांनी रक्तपेढ्यांसाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता. रक्ताच्या पिशवीवर चिकटवायची पट्टी तो छापे, रक्तगट, तारीख, नंबर. एकतीस रक्तपेढ्या तो वापरत. नवी आवृत्ती निघाली की दादा तिच्यावर सही करून पाठवी. पेनाची सही नाही, चावीची. चावीचा गुप्त भाग दादाकडे, उघडा भाग प्रत्येक रक्तपेढीकडे. गुप्त भागाने केलेली सही उघड्या भागाने तपासता येते. जुळली तरच रक्तपेढीचा संगणक नवी आवृत्ती आत घेई. त्यात गंमत चालत नाही. पट्टीवर भलता गट छापला गेला तर माणूस जातो.

आता चावी म्हटली तरी ती एक नसते. एक मूळ चावी आणि तिच्याखाली पोटचाव्या. कायद्यात पोटकलम असतं तसा हा दादाने पाडलेला शब्द. रोजचं काम पोटचाव्यांनी करायचं, एक सही करायला, दुसरी बंद पत्रं उघडायला. मूळ चावी रोज वापरायची नाही. तिचं काम वर्षातून एक-दोनदाच. या पोटचाव्या माझ्या आहेत असा शिक्का त्यांच्यावर मारायचा, त्यांची तारीख वाढवायची, आणि दुसऱ्या एखाद्या माणसाच्या चावीबद्दल, ही खरंच याची, मी ओळखतो, अशी साक्ष द्यायची. म्हणून दादाच्या लॅपटॉपवर फक्त पोटचाव्या असत. मूळ चावी एका पेनड्राइव्हवर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, घरी कपाटाच्या वरच्या फळीवर असे. लॅपटॉप चोरीला गेला तर पोटचाव्या रद्द करून नव्या काढायच्या. मूळ तीच राहते, आणि लोकांचा विश्वास असतो तो मुळावर.

कवळीवाल्या नवऱ्याला हे समजावताना लग्नानंतरची चार वर्षं गेली होती. मग एक दिवस तो म्हणाला, "कवळी हरवली तर दुसरी करून देता येते, जबडा तोच असतो. असंच ना?" असंच. धाकटीने त्या दिवशी त्याच्यापुढे हात टेकले होते, आनंदाने.

आणि या सगळ्याच्या वर एक पाकीट होतं. मूळ चावी कायमची रद्द करणारा मजकूर दादाने कागदावर छापून, पाकिटात घालून, चिकटवून धाकटीला दिला होता. हा धंद्यातला रिवाज आहे. आपलं काही बरंवाईट झालं तर कोणीतरी आपली चावी मारली पाहिजे, आणि तो हक्क ज्याच्यावर पूर्ण भरवसा आहे त्याला द्यायचा. मुदत संपलेली चावी मालकाला परत चालू करता येते. रद्द केलेली कोणालाच येत नाही.

नऊ वर्षांपूर्वी दादाला खोकल्यासाठी डॉक्टरांनी दोन आठवडे डोंगरावर पाठवलं. तिथे फोन लागत नव्हता. "लॅपटॉप इथेच ठेवतोय, बंदी आहे मला," असं तो धाकटीला म्हणाला. त्याच दुपारी दोघांचं एका क्षुल्लक गोष्टीवरून वाजलंही होतं. पट्टीवर तारीख वर छापायची की खाली. दुसऱ्या दिवशी धाकटी आली तर दादाचं टेबल रिकामं आणि दाराची कडी ढिली. तिने दोन दिवस शोधलं, टायरवाल्याला विचारलं, खालच्या गल्लीत विचारलं. कोणीतरी त्या लॅपटॉपवरून खोटी सही करून खोटा प्रोग्रॅम एकतीस ठिकाणी पाठवतोय, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना. पोटचाव्या रद्द करायच्या तर त्या मूळ चावीनेच होतात, आणि मूळ चावी चालवायचा परवलीचा शब्द फक्त दादाला ठाऊक. तिच्या हातात एकच गोष्ट होती, ते पाकीट. आणि एक शंका. एकदा तिने दादाला घाईत पेनड्राइव्ह ऑफिसात आणताना पाहिलं होतं. यावेळीही मूळ चावी लॅपटॉपलाच लावलेली राहिली असेल तर? शनिवारी दुपारी चार वाजता तिने पाकीट फाडलं आणि भावाची पंधरा वर्षांची चावी साऱ्या जगासमोर कायमची रद्द केली.

दोन आठवड्यांनी दादा डोंगरावरून उतरला तो नवा चष्मा घ्यायला थेट चष्मेवाल्याकडे गेला. चष्मेवाल्याने चष्मा दिला आणि कपाटातून लॅपटॉपही काढून दिला. निघायच्या संध्याकाळी, नव्या नंबराने स्क्रीन दिसतो का हे बघायला दादाने तो तिकडे नेला होता आणि तिथेच विसरला होता.

दादा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "वहिनीला एक फोन करायचा होतास. डबा घरात आहे का, एवढंच विचारायचं."

डबा घरातच होता, बिस्किटांचा, वरच्या फळीवर.

तीही गप्प बसणारी नव्हती. लॅपटॉप कोणी विसरला, असं तिने विचारलं, आणि आणखी बरंच काही. मग ती जी निघाली ती नवऱ्याच्या गावी येऊन ग्रंथालयाला लागली. दादाने नवी चावी केली, एकतीस रक्तपेढ्यांत स्वतः हिंडून ती पोचवली. नव्या चावीवर ओळखीच्या बऱ्याच लोकांची साक्ष होती. धाकटीची नव्हती. तिने दिली नव्हती आणि त्याने मागितली नव्हती.

तिला सगळ्यात जास्त छळायची ती गोष्ट तिने कोणालाच सांगितली नव्हती. फोन का केला नाही? सुचलं नाही, हे खरं. पण पाकीट फाडताना, तारीख वर की खाली या भांडणाचा एखादा थेंब हातात होता का? नऊ वर्षं तिने स्वतःला विचारलं आणि नऊ वर्षं तिला नक्की उत्तर देता आलं नाही.

मंगळवारी ती पुन्हा साडेआठला ग्रंथालयात गेली. मंगळवारी ती कधी जात नसे, रखवालदाराने घड्याळाकडे पाहिलं. या वेळी तिने लाल अक्षरांवर न थांबता चावीचा पूर्ण तपशील उघडला, ओळ न् ओळ. मूळ चावी, मुदत परवा संपलेली. खाली पहिली पोटचावी, मुदत पुढच्या वर्षापर्यंत. दुसरी पोटचावी, तीही पुढच्या वर्षापर्यंत.

तिने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. पोटचाव्यांवरचा मूळ चावीचा शिक्का नवा होता, बारा दिवसांपूर्वीचा. सर्व्हरवर तो काल रात्री पोचला होता.

बारा दिवसांपूर्वी कोणीतरी कपाटातून डबा काढला होता, पेनड्राइव्ह लावला होता आणि परवलीचा शब्द घातला होता. तो शब्द जगात एकालाच ठाऊक होता. धाकटीचा जीव भांड्यात पडला. तिथेच खुर्चीत बसून तिने डोळे पुसले आणि मग एकदम हसायला लागली, कारण काय झालं ते तिला लख्ख दिसलं. तारीख वाढवताना कोणत्या चावीची वाढवायची ते आधी निवडावं लागतं. निवडलेल्या पोटचावीपुढे एक बारीक चांदणी उमटते. दादाने दोन्ही पोटचाव्या निवडून तारीख घातली. मग मूळ चावीची घालायला गेला, पण आधीची निवड काढायची राहिली. चांदण्या तशाच. तारीख पुन्हा पोटचाव्यांनाच लागली, आणि झालं म्हणून त्याने डबा बंद केला. सर्व्हरवर पाठवायचं मात्र त्याला काल रात्री आठवलं. मूळ गेलं की पोटचाव्यांची तारीख कितीही पुढची असो, उपयोग शून्य. त्याच्यासाठी पत्र बंद करायला गेलं तर कोणाचाही प्रोग्रॅम नकार देणार. पुढची सही रक्तपेढ्या नाकारणार. आणि दादाला याचा पत्ताही नव्हता.

दुपारच्या सुट्टीत तिने नवऱ्याला फोन केला.

"मग सांग की त्याला," नवरा म्हणाला.

"दुसरं कोणीतरी सांगेल. रक्तपेढीवाले सांगतील."

"ते सांगतील तेव्हा सांगतील. दर सोमवारी त्याची चावी बघत बसणारं माणूस जगात एकच आहे, आणि ते माझ्या घरात राहतं."

तिने फोन ठेवला. दादाचा जुना नंबर बंद होता, हे तिला तिसऱ्या वर्षापासून माहीत होतं. कसं माहीत होतं ते विचारू नका. पण वहिनीचा नंबर तिला पाठ होता. तिने पुस्तकं बांधायच्या खोलीत जाऊन दार लावलं. तिथे डिंकाचा वास होता आणि एक मोडकं स्टूल. घंटा वाजत होती तेव्हा सुरुवात कशी करायची याचे तीन बेत तिच्या मनात होते.

"हॅलो?"

तिन्ही बेत पळाले. तिच्या तोंडून निघालं ते असं. "वहिनी, मी बोलतेय. डबा घरात आहे का?"

 पलीकडून वहिनी नाक ओढून बोलली. "आहे गं. कपाटात, वरच्या फळीवर."

"नऊ वर्षं उशीर झाला विचारायला."

"झाला खरा. आता फोनवर रडू नकोस, मलाही येईल. शनिवारी ये. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, एका डोळ्याचं. दुसऱ्याचं व्हायचंय. दिसत नाही नीट, आणि कबूल करत नाहीत."

शनिवारी निघताना धाकटीने आपल्या कपाटातून चष्म्याची एक जुनी डबी काढली. तिची स्वतःची मूळ चावी त्यात असे. दुसऱ्याच्या चावीला साक्ष द्यायची तर पोटचावी चालत नाही. नवऱ्याने ते पाहिलं.

"जबडाच घेऊन निघालीस?"

"लागली तर असावी. साक्षीची परवानगी मागणार नाहीये मी."

तीन तासांची बस होती. सगळा वेळ ती पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली.

दादाने दार उघडलं. तो वाळला होता आणि एका डोळ्यापुढे हिरवट काच असलेला चष्मा घालून होता. त्याने तिच्याकडे, म्हणजे तिच्या थोडं डावीकडे, पाहिलं.

"वहिनी म्हणतेय तू माझ्या चुका काढायला आलीस."

"एकच."

"मी तारीख वाढवली आहे. सोळा दिवसांपूर्वी. वाढवली आणि डबा ठेवला."

"पोटचाव्यांची वाढवलीस. मुळाची राहिली."

"शक्य नाही," दादा म्हणाला आणि तरातरा आतल्या खोलीत गेला. वाटेत त्याला खुर्ची लागली. वहिनीने धाकटीकडे बघून भुवया उंचावल्या.

आतल्या खोलीत जुनंच टेबल होतं, टायरच्या दुकानावरचं. दादाने डबा आणला, पेनड्राइव्ह लावला, नाक स्क्रीनला टेकेल इतका वाकला. एकेक ओळ बोटाखाली धरून त्याने वाचली. मग तो मागे टेकला.

"चांदणी," तो म्हणाला.

"हो, चांदणी."

"दिसली नाही गं मला." हे त्याने अगदी हळू सांगितलं. नऊ वर्षांत तिने त्याला मनात अनेकदा उत्तरं दिली होती, एकदाही म्हातारा केला नव्हता.

"वाच तू," तो म्हणाला. "मी टाइप करतो."

ती वाचत गेली, तो टाइप करत गेला. निवड काढली. चांदण्या गेल्या. मूळ चावीला पुढच्या वर्षाची तारीख घातली, सर्व्हरवर पाठवली, आणि धाकटीने स्वतःच्या फोनवर उघडून पाहिलं. लाल अक्षरं नव्हती.

"दादा," ती म्हणाली, "त्या शनिवारी माझ्या हातात राग होता की नाही, मला माहीत नाही. असला तर थोडा होता. पण होता असं वाटतं."

दादाने हिरवा चष्मा काढून पुसला. "मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "पण भीती जास्त होती. तेही मला वाटलं होतं. आणि लॅपटॉप मी विसरलो होतो. हे मी चष्मेवाल्याला कबूल केलं, तुला केलं नाही."

वहिनी चहा ठेवून गेली. ती गेल्यावर धाकटीने पर्समधून डबी काढून टेबलावर ठेवली. मागणार नाही म्हणाली होती, आणि मागितलं नाहीच. नुसती ठेवली. दादाने ती बोटांनी चाचपून ओळखली.

"आणलीस होय. चल, मग रीतसर होऊ दे."

रीतसर म्हणजे समोरासमोर बसून चावीचा ठसा, म्हणजे तिची ओळखखूण, मोठ्याने वाचायचा. चाळीस अक्षरांचा, चार-चारचे दहा गट. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने आपल्या पडद्यावर जुळवायचं. दादाला वाचता येईना, तेव्हा त्याने डोळे मिटले आणि पाठ म्हणायला लागला. चार, सी, नऊ, शून्य. धाकटी बोट ठेवून जुळवत गेली. सातव्या गटाला तो अडला. तिने पडद्याकडे न बघता तो गट सांगितला.

"तुला पाठ आहे?" दादाने डोळे उघडले.

"चारशे साठच्या वर सोमवार झाले," ती म्हणाली. "पाठ होणार नाही तर काय."

 त्याने उरलेले तीन गट तिलाच म्हणायला लावले. मग तिने आपली मूळ चावी लावली आणि साक्ष दिली. ही चावी याची आहे, मी स्वतः ओळखते.

ती निघायला उठली तेव्हा दादाने पत्र्याचा डबा पुन्हा उघडला. पेनड्राइव्हच्या खाली, तळाशी, एक चिकटवलेलं पाकीट होतं. कडा पिवळ्या पडल्या होत्या. वर त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, धाकटीकडे द्यायचं. खाली तारीख होती. ती नव्या चावीच्या पहिल्याच दिवसाची होती, नऊ वर्षांपूर्वीची.

"हे कोणाला दिलं नाहीस?" तिने विचारलं. 

"नाव दुसऱ्याचं आहे का त्यावर?"

"दादा, मला नको. मी एकदा काय केलं ते माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे म्हणूनच. धर."

तिने पाकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन लावली. वहिनी बस थांब्यापर्यंत आली आणि दादाचा नवा नंबर तिने धाकटीच्या फोनमध्ये स्वतः घालून दिला. बस सुटल्यावर धाकटीने चेन दोनदा उघडून बघितली. पाकीट होतं, बंद होतं. ते फाडायची वेळ कधी येऊ नये असं तिला अगदी मनापासून वाटलं. आलीच, तर आधी फोन करायचा होता.